तांब्याची तार आणि कांचेचा तंतु

शेवटच्या आठ मैलांचा प्रश्न वऱ्हाडच्या इतिहासांत एकदां येऊन गेलेला आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, तेव्हां तो मलकापूर, नांदुरा, जलंब या गांवांवरून पूर्णेच्या खोऱ्यांतून गेला. परंतु ज्या कापसासाठीं त्या मार्गाची एवढी निकड होती, त्या कापसाची थोरली बाजारपेठ जें खामगांव, तें मात्र एका अंगास राहिलें. आगगाडी जलंबला उभी राहावयाची आणि खामगांवचा कापूस बैलगाड्यांतून कुंथत कुंथत तेथवर यावयाचा. शेंकडों मैलांची वाट तयार असतां हे आठ मैल डोळ्यांत खुपत. शेवटीं १८७० सालीं जलंब ते खामगांव हा फांटा बांधून झाला आणि खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं तो खुला केला. त्याच सुमारास तारायंत्रानें खामगांवचा बाजार लिव्हरपूलच्या बाजाराशीं जोडला गेला, आणि वऱ्हाडांतील कापसाचा सौदा समुद्रापलीकडे बसून होऊं लागला.

आज टेलिफोनच्या बाबतींत तोच प्रश्न पुनः उभा आहे. तांब्याच्या दोन तारांवरून चालणारा घरगुती टेलिफोन मागें पडत असून त्याच्या जागीं इंटरनेटच्या पद्धतीनें, म्हणजे आवाजाचे आंकडे करून ते पाकिटांतून धाडण्याच्या पद्धतीनें, चालणारें संभाषण येत आहे. मुख्य वाटा तयार आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगांव या हमरस्त्याच्या कडेनें जमिनीखालून कांचेचे तंतु गेले, त्यालाहि बरींच वर्षें लोटलीं. अवघड आहेत ते पुनः शेवटचे आठ मैलच; आणि या खेपेस ते जलंब ते खामगांव असे एका ठिकाणीं नसून जिल्ह्यांतील आठशेंहून अधिक ग्रामपंचायतींच्या वेशीपासून प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पसरलेले आहेत.

जुन्या टेलिफोनची रचना इतकी साधी आहे, कीं तिच्या साधेपणाकडे कोणाचें फारसें लक्षच गेलें नाहीं. एक्स्चेंजच्या एका खोलींत शिशाच्या पत्र्यांचे चोवीस विद्युद्घट ओळीनें मांडलेले असतात. प्रत्येकाचा दाब दोन व्होल्ट. सर्वांचा मिळून अठ्ठेचाळीस. तेथून तांब्याच्या दोन बारीक तारा, एकमेकींस पीळ घातलेल्या, ग्राहकाच्या घरापर्यंत जातात. घरांतील माणसानें रिसीव्हर उचलला कीं मंडल पुरें होतें, प्रवाह वाहूं लागतो आणि त्या प्रवाहावरूनच एक्स्चेंजला समजतें, कीं अमक्या घरचें माणूस बोलूं इच्छितें. बोलणाराच्या आवाजाप्रमाणें तो प्रवाह कमीअधिक होतो आणि दुसऱ्या टोंकास त्याच चढउतारांचा पुनः आवाज बनतो. म्हणजे त्या दोन तारांवरून नुसता आवाज येत नाहीं, टेलिफोनला लागणारी वीजहि त्यांवरूनच येते. घरांतले दिवे गेले, सबंध आळी अंधारांत बुडाली, तरी कोपऱ्यांतला टेलिफोन जिवंत राहतो याचें रहस्य एवढेंच. श्रोत्यांनीं ही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढची बहुतेक अडचण तिच्यांतूनच निघते.

त्या घटांचें धन टोंक जमिनीस जोडलेलें असतें आणि तारा ऋण दाबावर राहतात. असें उलटें कां, हा प्रश्न शिकाऊ लोकांना नेहमीं पडतो. ओल्या मातींत धन दाबावर असलेलें तांबें हळूहळू विरघळून झिजतें. ऋण दाबावरचें त्यामानानें टिकतें. हें शहाणपण फार जुनें आहे, आणि त्याची खरी कसोटी पाहावयाची तर पूर्णेच्या खोऱ्यांत पाहावी. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या भागांतून खारपाण पट्टा जातो. विहिरीचें पाणी खारें, जमीन काळी व चिकण. उन्हाळ्यांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यांत तीच जमीन फुगून वर येते. अशा जमिनींत पुरलेल्या केबलचा जोड दरसाल ताणला जातो, सैल होतो, त्यांत खारें पाणी शिरतें. मग मृगाच्या पहिल्या सरीबरोबर टेलिफोनमध्यें जी खरखर सुरू होते, ती दसऱ्यापर्यंत थांबत नाहीं. कांचेच्या तंतूला या खाऱ्या पाण्याचें तसें भय नाहीं. त्यांतून वीज जात नसून प्रकाश जातो, आणि कांच गंजत नाहीं. तांब्याच्या बाजूनें बोलणारांनीं एवढें कबूल केलेंच पाहिजे.

येथें एक गैरसमजहि दूर करावयास हवा. टेलिफोन आतां डिजिटल होणार, असें बोललें जातें. वस्तुतः त्याचा मधला भाग डिजिटल होऊन एक पिढी लोटली. आवाजाचे दर सेकंदास आठ हजार नमुने घ्यावयाचे आणि प्रत्येक नमुना शून्य व एक अशा आठ खुणांनीं लिहावयाचा, म्हणजे सेकंदास चौसष्ट हजार खुणा होतात. ही युक्ति ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनियरास १९३७ सालीं सुचली. भारतांतील खेड्यांपर्यंत ती नेण्याचें मोठें श्रेय ऑगस्ट १९८४ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेकडे आणि तिची कल्पना उचलून धरणाऱ्या सॅम पित्रोदा यांच्याकडे जातें. या संस्थेनें १२८ जोडांचें एक लहानसें ग्रामीण एक्स्चेंज तयार केलें. परदेशी यंत्रांना थंड खोली लागे. याला वातानुकूलन नको, धूळ सोसवते, वीज थोडी पुरते. पहिलें यंत्र १९८६ च्या जुलैंत कर्नाटकांतील कित्तूर येथें बसलें आणि तेथून पुढें त्याच जातीचीं यंत्रें देशभर पसरलीं. उन्हाळ्यांत जेथें पारा चव्वेचाळीस अंशांच्या घरांत जातो, त्या मलकापूर-खामगांवच्या बाजूला अशाच यंत्राची गरज होती.

त्यापूर्वीं परगांवीं बोलावयाचें म्हणजे ट्रंक-कॉल नोंदवून बसून राहावें लागे. ‘अर्जंट’ म्हटलें तर दुप्पट दर आणि ‘लाइटनिंग’ म्हटलें तर आठपट. अडत्यानें मुंबईचा भाव विचारण्यासाठीं सकाळीं नांव नोंदवावें आणि दुपारीं घंटा वाजेपर्यंत भाव उतरून जावा, असा तो काळ. एक्स्चेंजें स्वयंचलित झालीं, एस्‌. टी. डी. आली, एस्‌. टी. स्टँडाबाहेर पिवळ्या पाट्यांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या, आणि दोन दशकांच्या आंत त्या टपऱ्याहि गेल्या.

बुलढाणा जिल्ह्याची टेलिफोनची ही जुनी घडण त्याच्या क्रमांकांत आजहि वाचतां येते. लोणार ०७२६०, देऊळगांव राजा ०७२६१, बुलढाणा ०७२६२, खामगांव ०७२६३, चिखली ०७२६४, नांदुरा ०७२६५, जळगांव जामोद ०७२६६, मलकापूर ०७२६७, मेहकर ०७२६८, सिंदखेड राजा ०७२६९. तालुके तेरा आणि क्रमांक दहा. मोताळा, संग्रामपूर आणि शेगांव यांना स्वतःचा क्रमांक मिळाला नाहीं. गजानन महाराजांच्या दर्शनासाठीं लाखो माणसें ज्या शेगांवीं येतात, त्या शेगांवास टेलिफोन करावयाचा तर नांदुऱ्याचाच ०७२६५ लावावा लागतो. यांत मानापमानाचा प्रश्न नाहीं. आंखणी करणारांनीं तारा कोठें एकत्र येतात तें पाहिलें, देवस्थान कोठें आहे तें पाहिलें नाहीं. क्रमांक म्हणजे तारेचा पत्ता होता.

नव्या पद्धतींत हें नातेंच तुटतें. पूर्वीं दोघे बोलूं लागले म्हणजे त्यांच्यामध्यें एक वाट राखून ठेवली जाई. दोघे रुसून गप्प बसले तरी ती वाट तिसऱ्याला मिळत नसे. आतां वाट कोणाचीच नाहीं. आवाज एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापला जातो, प्रत्येक तुकडा पाकिटांत घालून त्यावर पत्ता लिहिला जातो, आणि अशीं पन्नास पाकिटें दर सेकंदास चित्रपट, चित्रें, हिशेब, सरकारी दाखले यांच्या पाकिटांबरोबर एकाच रस्त्यानें धांवूं लागतात. चित्रपटाचें पाकीट अर्धा सेकंद उशिरा आलें तरी पाहणारास कळत नाहीं. आवाजाचें तसें नाहीं. तोंडांतून निघालेला शब्द सेकंदाच्या सुमारें सातव्या हिश्शाच्या आंत दुसऱ्याच्या कानीं पडला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्याहून उशीर होऊं लागला कीं दोघेहि एकदम बोलूं लागतात, दोघेहि एकदम थांबतात, आणि ‘हॅलो, हॅलो’ यापलीकडे संभाषण सरकत नाहीं. म्हणून वाटेवरच्या प्रत्येक यंत्राला आवाजाचें पाकीट ओळखून पुढें सोडण्यास शिकवावें लागतें. मांडवांत गर्दी कितीहि झाली तरी नवरदेवाच्या घोड्याला वाट द्यावीच लागते, त्यांतलाच हा प्रकार. हें काम डोळ्यांस दिसत नाहीं, त्याचें उद्घाटन होत नाहीं, आणि म्हणूनच कदाचित् तें अर्धवट राहण्याचा संभव अधिक.

आणखीहि एक फरक आहे. जुनें ग्रामीण एक्स्चेंज बाहेरच्या जगापासून तुटलें, तरी गांवांतल्या गांवांत बोलणें चालूं राही. कारण जोडणारें डोकें त्याच खोलींत होतें. नव्या रचनेंत तें डोकें बहुधा दूरच्या शहरांत असतें. लोणारच्या एका आळींतून दुसऱ्या आळींत बोलावयाचें, तरी त्याची आज्ञा दूरच्या यंत्राकडून यावयाची. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राच्या दांत्यांत मेहकरजवळ केबल सांपडली, तर लोणारचीं दोन घरें समोरासमोर असूनहि मुकीं होतात. यावर उपाय एकच, कीं केबल एका रेषेंत न नेतां कड्यासारखी फिरवून आणावयाची, म्हणजे एका बाजूनें तुटली तरी दुसऱ्या बाजूनें वाट राहते. ग्रामपंचायतींना कांचेच्या तंतूनें जोडण्याची योजना २०११ सालीं मंजूर झाली. पुढें तिलाच भारतनेट हें नांव मिळालें. पहिल्या आंखणींत बहुतेक केबल एका रेषेंत नेलेली होती. मध्यें कोठें तुटली कीं पुढचीं सगळीं गांवें बंद. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारलेली योजना मंजूर केली आणि तींत कड्याच्या रचनेचा स्वीकार केला. उशिरां सुचलें, पण बरोबर सुचलें.

हें स्थलांतर करण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली जपाननें धरली. तेथील एन्‌. टी. टी. या संस्थेनें जानेवारी २०२४ पासून आपलीं मधलीं यंत्रें इंटरनेटच्या पद्धतीवर आणण्यास आरंभ केला. परंतु घरापर्यंतची तांब्याची तार आणि घरांतला टेलिफोन यांना हात लावला नाहीं. ग्राहकाला कांहीं घडल्याचें कळलेंहि नाहीं. सी-डॉटनें आपल्या जुन्या एक्स्चेंजांसाठीं जी सुधारणा काढली, तिचें तत्त्वहि हेंच आहे. ग्राहकांच्या तारा ज्या फळ्यांवर येऊन टेंकतात त्या तशाच ठेवावयाच्या आणि त्यांच्या मागचें जोडणी करणारें व हुकूम देणारें यंत्र तेवढें बदलावयाचें. जुनें घर न पाडतां आंतलें स्वयंपाकघर बदलावें, अशी ही तडजोड. तिच्यांत विद्युद्घटांची खोली कायम राहते, अठ्ठेचाळीस व्होल्ट कायम राहतात, आणि अंधारांत वाजणारा टेलिफोनहि कायम राहतो. मात्र खारपाण पट्ट्यांतला कुजका जोडहि कायमच राहतो.

दुसरी वाट इंग्लंडची. तांब्यावरची जुनी सेवाच बंद करावयाची आणि घराघरांतील टेलिफोन इंटरनेटच्या पेटीला जोडावयाचा. यासाठीं डिसेंबर २०२५ ही अखेरची मुदत ठरली होती. परंतु तेथें एकटे राहणारे लाखो वृद्ध लोक गळ्यांत एक कळ बाळगतात. पडलें, झडलें तर ती दाबावयाची, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून मदतीस हांक जाते. तार बदलल्यावर यांपैकीं कांहीं कळा दाबूनहि हांक गेली नाहीं, असे गंभीर प्रकार उघडकीस आले. डिसेंबर २०२३ मध्यें सक्तीचें स्थलांतर थांबविण्यांत आलें आणि पुढें मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबली. एवढ्या पुढारलेल्या देशांत यंत्रांची चूक झाली नाहीं. कोणत्या तारेवर कोणाचा जीव लोंबकळतो आहे, याची यादीच कोणी आधीं नीट केली नव्हती.

अशी यादी बुलढाणा जिल्ह्यांत करावयाची म्हटली, तर ती कशी होईल? आतां घरोघरीं मोबाइल आहे, तांब्याचा टेलिफोन आतां राहिला आहेच कोठें, असें कोणी म्हणेल. आणि त्यांत पुष्कळ तथ्य आहे. देशांतील तारेचे टेलिफोन २००५ च्या सुमारास चार कोटींच्या घरांत होते, ते २०२० पर्यंत दोन कोटींच्या आसपास आले. नंतर ती संख्या पुनः वाढूं लागली, पण ती कांचेच्या तंतूमुळें, तांब्यामुळें नव्हे. तथापि जे तांब्याचे टेलिफोन राहिले, ते कोठें राहिले हें पाहण्यासारखें आहे. पोलिस ठाणें, ग्रामीण रुग्णालय, तहसील, बँक, टपाल कचेरी, बाजार समिती, आणि मुलें पुण्यास किंवा त्याहून दूर गेल्यामुळें मागें राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांचीं घरें. मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरविण्यास कंटाळणारी आजी जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर मात्र अंधारांतहि चाचपून उचलते. संख्या थोडी, पण जेथें टेलिफोन न लागून चालणार नाहीं, अशींच हीं ठिकाणें. बँकेची धोक्याची घंटा, लिफ्टमधला टेलिफोन, एखाद्या कचेरींतला फॅक्स हेहि याच तारांवर बसलेले असतात आणि तार कापली जाईपर्यंत त्यांची आठवण कोणास होत नाहीं. तांब्याच्या टेलिफोनचा आणखीहि एक गुण असा, कीं हांक मारणारा घाबरून पत्ता सांगूं शकला नाहीं, तरी तार कोणत्या घरांत जाते तें एक्स्चेंजला ठाऊक असतें. इंटरनेटवरच्या टेलिफोनला हें बंधन नाहीं. २०१८ सालीं सरकारनें अशा संभाषणाची वाट मोकळी केली आणि त्याच वर्षीं भारत संचार निगमनें ‘विंग्ज’ नांवाची सेवा आणली. तिचा क्रमांक घेऊन माणूस कोठेंहि असूं शकतो. सोयीचें खरें, पण रात्रीं दोन वाजतां रुग्णवाहिका कोठें धाडावयाची हा प्रश्न अशा वेळीं निराळ्या रीतीनें सोडवावा लागतो.

आतां विजेकडे वळावयाचें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश येतो, वीज येत नाहीं. एक तंतु एक्स्चेंजमधून निघून, वाटेंत कोठेंहि विजेची मदत न घेतां, बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वांटला जातो आणि वीस किलोमीटरपर्यंत जातो. तांब्याच्या तारेचा दम त्याच्या चौथाईवरच संपत येतो. हा त्याचा मोठाच गुण. परंतु घराच्या भिंतीवर त्या प्रकाशाचा पुनः आवाज करणारी जी लहानशी पेटी बसवावी लागते, तिला घरची वीज लागते. घरची वीज गेली कीं पेटी बंद आणि पेटी बंद कीं टेलिफोन बंद. इंग्लंडमध्यें ज्यांना दुसरें साधनच नाहीं अशा ग्राहकांसाठीं कंपन्यांनीं निदान एक तास पुरेल अशी विजेची सोय करून द्यावी, असें नियामक मंडळाचें सांगणें आहे. एक तास हें माप इंग्लंडच्या विजेवरून काढलेलें आहे. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें महाराष्ट्राच्या ग्रामीण भागानें जें भारनियमन सोसलें, त्यांत बारा बारा तास दिवे नसत, आणि तेव्हां गांवांतला तांब्याचा टेलिफोन एक्स्चेंजच्या घटांवर बोलत राही. पुढें गांवठाणाची वीज आणि शेतीची वीज निराळी केली गेली, परिस्थिति पुष्कळ सुधारली. तरीहि वैशाखांतल्या वादळानें चार खांब आडवे केले, तर संग्रामपूर तालुक्याच्या टोंकाच्या गांवीं वीज परत येण्यास एक तास पुरेल, असें म्हणण्याचें धाडस वीज मंडळाचा वायरमनहि करणार नाहीं. मोबाइलच्या मनोऱ्यालाहि घट असतात, कोठें डिझेलचें यंत्र असतें. पण घट म्हातारे होतात आणि डिझेल संपतें.

तेव्हां या जिल्ह्यापुरतें माप निराळें घ्यावयास हवें. ती पेटी दहा वॅटांच्या आसपास वीज खाते. तिला सहा-आठ तास पुरेल असा लहानसा घट जोडणें ही कांहीं मोठ्या खर्चाची बाब नव्हे; अनेक सुखवस्तु घरांनीं तो आपल्या खर्चानें घेतलाहि आहे. प्रश्न आहे तो ज्यांना त्याची आठवण होणार नाहीं अशांचा, म्हणजे रुग्णालयाचा, ठाण्याचा आणि एकट्या म्हातारीच्या घराचा. तेथें तो घट पेटीबरोबरच आला पाहिजे. मागाहून मागवूं म्हटलें कीं राहिला. आणि एखाद्या गांवांतलें तांबें काढावयाचें, तें त्या गांवांतल्या कांचेनें एक पावसाळा आणि एक उन्हाळा निभावून दाखविल्यावरच काढावें. घाईनें काढलेलें तांबें मोडींत चांगल्या भावानें जातें, हा मोह लहान नाहीं. पण एकदां काढलेली तार कोणी पुनः पुरत नाहीं.

माणसांचा भाग अजून सांगावयाचा राहिला. जमिनीखालचा कोणता जोड कोणत्या बांधापाशीं आहे, कोणत्या खांबावरच्या डब्यांत पाणी शिरतें, हें नकाशावर फारसें नसे. तें लाइनमनच्या डोक्यांत असे. भारत संचार निगमच्या स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेंत ३१ जानेवारी २०२० या एका दिवशीं देशभरांतले सुमारें अठ्ठ्याहत्तर हजार नोकर घरीं गेले. निगमचा पगाराचा भार हलका झाला आणि त्याबरोबर तीसतीस वर्षांची अशी स्मृतिहि गेली. कांचेचा तंतु जोडण्याचें काम निराळें. तेथें पक्कड आणि पिळा चालत नाहीं. केंसासारखीं दोन टोंकें यंत्रांत धरून विजेच्या ठिणगीनें वितळवून सांधावीं लागतात. हें काम आतां बहुतांशीं गांवोगांवच्या केबलवाल्या तरुणांकडे आलें आहे. मुलें हुशार आहेत आणि तंतु पांच मिनिटांत सांधतात. पण कोणता जोड कोठें केला याची नोंद ठेवण्याची संवय त्यांना कोणी लावली नाहीं, तर दहा वर्षांनीं तोच प्रसंग पुनः येईल.

सातपुड्याच्या आंतल्या बाजूस, जळगांव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगरांतील आदिवासी वस्त्यांचा प्रश्न मुळांतच वेगळा आहे. तेथें तांब्याची तार सहसा गेलीच नाहीं, त्यामुळें ती काढण्याचाहि प्रश्न नाहीं. अशा वस्त्यांना एकदम नव्याच पद्धतीच्या मोबाइलवर उडी घ्यावी लागते. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओनें जी सेवा सुरू केली, तींत जुन्या धर्तीची राखीव वाट ठेवलेलीच नव्हती; पहिल्या दिवसापासून आवाज पाकिटांतूनच जाई. पुढें सरकारनें जुलै २०२२ मध्यें देशांतील २४,६८० न जोडलेल्या गांवांपर्यंत चौथ्या पिढीची सेवा नेण्याची योजना मंजूर केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें भारत संचार निगमनें स्वदेशी यंत्रांवर चालणारी आपली चौथ्या पिढीची सेवा देशभर सुरू केली. डोंगरांत मनोरा उभा करणें सोपें नसलें तरी जमतें; त्या मनोऱ्याला खालून तंतु नेणें आणि वीज पुरविणें जास्त कठीण. जंगलांतून चर खणण्यास वनखात्याची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत बिनतारी दुव्यावर, आणि ढग दाटले म्हणजे सौरघटांवर, जेमतेम भागवावें लागतें.

राहिला क्रमांकांचा प्रश्न. तारेचा पत्ता म्हणून जो क्रमांक जन्माला आला, त्याचें तारच नाहींशी झाल्यावर काय करावयाचें? फेब्रुवारी २०२५ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें अशी शिफारस केली, कीं तारेच्या टेलिफोनांचीं हीं लहान लहान क्षेत्रें मोडावीं, क्रमांकांचा हिशेब सबंध परिमंडळाच्या पायावर करावा, आणि एका गांवांतल्या गांवांतहि बोलावयाचें असल्यास शून्य व क्षेत्राचे आंकडे लावूनच सबंध क्रमांक फिरवावा. शेजाऱ्याशीं बोलण्यास गांवाचा क्रमांक कशाला, अशी कुरकुर यावर होईल. ती फार दिवस टिकणार नाहीं. जानेवारी २०२१ पासून मोबाइलच्या आधीं शून्य लावण्याची संवय तारेच्या ग्राहकांनीं अशीच कुरकुरत लावून घेतली. त्याच शिफारशींत असेंहि म्हटलें आहे, कीं चालूं ग्राहकांचे क्रमांक बदलूं नयेत. खामगांवच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर रंगाऱ्यानें काढलेला ०७२६३ त्यामुळें पुसावा लागणार नाहीं, आणि शेगांवकरांना नांदुऱ्याचाच क्रमांक पुढेंहि लावावा लागेल.